सर बार्नबींचा ओला रंग

जुनं तैलचित्र साफ करायला थुंकीसारखं औषध नाही. किळस वाटली तरी या धंद्यातले सगळे तेच करतात. काडीला कापूस गुंडाळायचा, तोंडात ओला करायचा, हलक्या हातानं चित्रावर फिरवायचा आणि मळका बोळा बरणीत टाकायचा. हेस्टर वीस वर्षं हेच करत आली होती.

विल्टशरच्या त्या हवेलीत भिंतीवरच्या तैलचित्रात सर बार्नबी थ्रेल होते आणि डोक्यावर त्यांनीच रंगवलेलं छत. ढग, देवता, गुबगुबीत पोरं! छतं रंगवून अख्ख्या इंग्लंडात गाजलेला माणूस. हेस्टरचं नाव मात्र गेल्या साली बुडालं होतं. लंडनमध्ये तिच्या हातून एका चित्राचा मूळ रंगच निघाला. इथं काही बिनसलं, तर पुन्हा तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

आणि तिसऱ्या दिवशी सर बार्नबींच्या हातातल्या रंगफळीवर, रंग कालवायच्या पाटीवर, गुलाबी रंग ओला दिसला. पावणेतीनशे वर्षांच्या चित्रावर!

"पेंगली, खरं सांगा, याला हात कुणी लावला?"

म्हातारा रखवालदार चहा घेऊन आला होता. "मी? अहो बाई, मी कुंपण रंगवलं तरी बायको आठवडाभर बोलत नाही!" तो हसला, पण चित्राकडे बघेना. हेस्टरच्या मनात पाल चुकचुकली. मेला आपल्याला गोत्यात आणणार.

दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना तिनं दालनाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. सँडविच घशाखाली उतरेना. सकाळपासून तोंडाला कोरड पडली होती.

परतली, तर रंगफळीवर तपकिरी रंगही आला होता, तिच्या केसांचा. आणि मळक्या बोळ्यांची बरणी रिकामी.

"पेंगली!"

तो उंबऱ्यातच थांबला. "हे चित्र साफ करायला आलेल्या आधीच्या बाईंनीही मला असंच धारेवर धरलं होतं... मग एक दिवस न सांगताच गेल्या."

"कुठं गेल्या?"

त्यानं नुसतं वर पाहिलं.

ढगाच्या कडेला एक बाई बसली होती, हातात कापसाची काडी. तिच्या शेजारी दुसरी, अजून अर्धीच. तपकिरी केस, आणि चेहरा म्हणून नुसतं तोंड. पुढचा दात टवका उडालेला, हेस्टरचा होता तसा. ओठ ओले, चकचकीत.

तिला ओरडायचं होतं. जीभ टाळूला चिकटली. टेबलावरचा गार चहा तिनं घटाघटा प्यायला, कप पालथा केला.

तिचे ओठ कोरडेच राहिले.