हसू कुठून येतं

मी आवाज सोडलाच नव्हता, आणि आतल्या आजोबांनी बटण दाबलं.

आमची कान तपासायची खोली म्हणजे खोलीतली खोली. भिंतींना जाड स्पंज, मधे दुहेरी काच, दार फ्रिजच्या दारासारखं चिकटून बंद होणारं. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, मी बाहेर मशीनवर. मी बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. आजोबांनी पुन्हा दाबलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

दार उघडून ते बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "मुली, आवाज ठीक आहेत गं... पण मधे मधे हसतंय कोण?"

साध्या दाराच्या बेलनेही दचकणारी मी. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. डॉक्टरांनी मात्र तेवढंच ऐकलं. भरल्या वेटिंग रूमसमोर ओरडले, "काय गं हसरी! म्हाताऱ्या माणसाला हसतेस? लाज वाटत नाही?"

"जाऊ द्या हो डॉक्टर," रिसेप्शनवरच्या काकू म्हणाल्या, "तिचं तोंडच तसं आहे. फोटोवाल्याला 'हसा' म्हणावंच लागत नाही." सगळे हसले.

हसरी हे नाव डॉक्टरांनीच ठेवलेलं. मला राग आला की हसू येतं. भावाने माझी खोली परस्पर भाड्याने दिली तेव्हा आलं, आत्या गेली आणि तिच्या सुनेने रडायच्या आधी कपाट उघडलं तेव्हाही आलं. कॉलेजला मानसशास्त्र होतं मला. एखादी भावना झेपली नाही की शरीर भलतीच पुढे करतं. आनंदात रडू येतं, गोड बाळ दिसलं की त्याचा गाल चावावासा वाटतो, त्यातलंच हे. पाठ आहे मला सगळं. पण दात दिसत असताना हे कुणाला समजावणार? लोक म्हणतात, हिला काही लागतच नाही.

डॉक्टरांना कितीदा सांगितलं होतं, सर, त्या दाराचं आतलं हँडल अडकतं, कुणीतरी कोंडलं जाईल एक दिवस. ते दर वेळी म्हणायचे, बघू. दर वेळी माझं डोकं भडकायचं, आणि दर वेळी मी ते हसत हसतच सांगायचे. मग त्यांनाही ती गंमत वाटली.

त्या दुपारी सगळे हसत असताना संताप आला, आणि हसू आलंच नाही.

हसू आलं, असं आपण किती सहज म्हणतो. कुठून आलं, हे कुणी विचारतं का? आजवर ते माझ्या ओठांवर यायचं. आज ओठ दगडासारखे सरळ राहिले आणि त्या उघड्या दारातून, रिकाम्या खोलीतून, खुदकन आवाज आला.

"मी हसले नाही सर."

माझा तो चेहरा पाहून डॉक्टर क्षणभर गोंधळले. मग चिडले. "बरं. पेशंट संपले की तू बस आत, मी मशीनवर बसतो. मशीनमध्ये हसू निघालं नाही, तर आजोबांच्या घरी जाऊन माफी मागायची. नाहीतर उद्यापासून यायचं नाही."

"चालेल," मी म्हणाले. मला माफी मागायची नव्हती. मला एकदा, फक्त एकदा, खरं ठरायचं होतं.

संध्याकाळी आत बसले. दार चिकटलं. तिथे स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. स्पंजाला कितीतरी लोकांच्या श्वासांचा ओलसर वास होता. काचेपलीकडे डॉक्टरांचा वाकलेला माथा. बारीक टिणटिण. बटण दाबलं. पुन्हा टिणटिण... आणि तिच्यामागे कुणीतरी हसू दाबत होतं. तोंडावर तळहात ठेवून. मी ठेवते तसंच.

"सर... आत्ता... ऐकलंत?"

डॉक्टरांनी मान वर केली, पण माझ्याकडे नाही. काचेच्या चौकटीबाहेर कुणीतरी उभं असावं, तिकडे पाहून त्यांचा चेहरा निवळला. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला, मऊ, सुटकेचा.

"हं... अशी. अशी बरी दिसतेस तू. चल, झालं गेलं विसर."

आणि दिवे बंद झाले. मशीनचा हिरवा ठिपका तेवढा जळत राहिला.

मी हँडल ओढलं. ते जिथे अडकतं तिथेच अडकलं. "सर! दार उघडा! सांगितलं होतं मी तुम्हाला! सांगितलं होतं!" पेशंटचं बोलणं बाहेर जावं म्हणून आत माईक असतो, त्यात मी घसा फाटेस्तोवर ओरडले. हसूचा मागमूस नाही. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो राग, अखेर स्वच्छ, धडधडता, माझा. मुठी आपटत होते आणि स्पंज त्या गिळत होता.

बऱ्याच वेळाने काचेवर उजेड पडला. काकू! मोबाईलचा उजेड धरून त्या आत डोकावत होत्या. मी त्यांच्या डोळ्यांसमोरच काचेवर तळहात आपटला. उजेड माझ्या तोंडावर आला. त्यांची नजर मात्र माझ्यातून आरपार मागच्या खुर्चीवर गेली, तिथून भिंतीवर.

"काकू, मी आहे! मी!"

त्या मशीनपाशी वळल्या, बोलायचं बटण चाचपडत दाबलं आणि म्हणाल्या,

"कोण... कोण ओरडतंय एवढं? आमची पोर तर आत्ताच डॉक्टरांबरोबर जिना उतरून गेली... किती हसत होती."