गाळावरची साय

"गुरवारी जगाच्या बाया पाय पसरून टीव्ही बघत्यात, आन् आमी हौदात," छबूबाई फावड्याशी पुटपुटली. शेजारी वाकलेल्या जाईबाईला ते स्वच्छ ऐकू आलं. ती नुसती हसली. फावड्याशी चाललेल्या बोलण्याला उत्तर द्यावं लागत नाही.

चिखलीतल्या त्या वर्कशॉपमागे सुटे भाग धुतलेल्या पाण्याचा हौद होता. गुरुवारी कारखान्यांना लाइट नसे, मशिनं बंद. मग पाणी आटलेल्या हौदातला गाळ दोघींनी पोत्यांत भरायचा.

जाईबाईचा नवरा भिवा तिथेच पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. मशीनने उजव्या हाताची दोन बोटं अर्धी नेली, तरी गड्याने शिफ्ट सोडली नाही. चौदा महिन्यांपूर्वी सकाळी कामावर गेला, तो परतलाच नाही. सगळे म्हणत, छबूबाईसुद्धा, "येतील." जाईबाई अजून दोघांचा भात टाकायची, उरलेला सकाळी फोडणीला घालून एकटीच खायची. वाट बघून माणूस वाळतं म्हणतात; ही चांगली जाड झाली होती.

त्या दिवशी गाळावर बटणाएवढी वर्तुळं दिसली. पुढच्या गुरुवारी हातभर पान उमटलेलं, शिरांसकट. खरवडून टाकलं, तर आठवड्याने त्याच जागी, आणखी मोठं.

तिने भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या पुतणीला, दीक्षाला, फोटो पाठवला.

"काकू, प्राणी नाहीये तो," दीक्षा फोनवर म्हणाली. "गाळावर जिवाणूंची साय धरते, ती सुरकुतते. जुन्या खडकांत असले ठसे बघून भलेभले फसलेत. त्यांना वाटलं, पहिलावहिला मऊ जीव सापडला."

"बरं," जाईबाई म्हणाली.

पुढच्या गुरुवारी दीक्षा मोजपट्टी घेऊन आली. हौदात लख्ख ऊन होतं.

गाळावर कुशीवर निजलेला माणूस होता. बरगड्या. दुमडलेले गुडघे. उजवा हात पुढे पसरलेला, त्याची दोन बोटं अर्धी.

दीक्षाने मोजपट्टी उघडली, मिटली. "सुरकुत्याच आहेत," ती म्हणाली. 

त्या हाताखाली गाळ गुळगुळीत होता. एका बाईपुरता.

जाईबाईने चपला काढल्या. एक पाय त्या गुळगुळीत जागेत ठेवला.

"गार न्हाई गं," ती म्हणाली. "अंथरूण असावं तसं ऊबदार हाय."

छबूबाईने तिचा दंड धरून ओढलं. पाय निघेना.

दीक्षाने दुसरा दंड धरला.

"जाई," छबूबाई म्हणाली, "भिवाभाऊ मेलेत. पाय काढ."