कॅप्टनने उशिरा घेतलेला कॉल

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचता आलं असतं, तर शेवट तरी वेगळा केला असता.

मी जयलक्ष्मी. कुंभकोणमला राहते, सारंगपाणी कोविलच्या, म्हणजे देवळाच्या, मागच्या गल्लीत. आमची मराठी तंजावरची. तुम्हाला ती जुनाट वाटेल, म्हणून तुमच्या मराठीत लिहिते आहे.

तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीत मी नोकरी करते. घरी अम्मा, मी आणि धाकटी बहीण नित्या.

नित्या विमानात एअर होस्टेस होती. चेन्नई ते अंदमान. दोन तास खाली नुसता समुद्र.

मागच्या वर्षीचा मार्च. मंगळवार. भर दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

मी रजेवर होते. अम्मा तांदूळ निवडत होती.

आणि... टिंग-टोंग.

दाराची बेल नव्हती. आमच्या दाराला नुसती कडी आहे.

पुन्हा... टिंग-टोंग.

आवाज बाहेरच्या खोलीतल्या कोऱ्या भिंतीतून येत होता. त्या भिंतीवर साधा खिळाही नाही.

पण मी तो आवाज ओळखला. नित्याच्या विमानात मी एकदा बसले होते. मागचे कर्मचारी पायलटला फोन लावतात तेव्हा तो वाजतो, असं तिनेच मला सांगितलं होतं.

पाच वेळा वाजला. मग थांबला.

"कोण बोलावतंय गे?" अम्माने विचारलं.

साडेचारला चेन्नईहून फोन आला.

विमान समुद्रात उतरवावं लागलं होतं. पुढे बसलेले वाचले. कॅप्टन वाचला. मागचे अकराजण शेपटीबरोबर खाली गेले.

नित्या त्यांच्यात होती.

ती मिळालीच नाही. आम्ही दर्भाची बाहुली करून दहन केलं. अम्माने त्या बाहुलीला नित्याची ओढणी गुंडाळली. कुणी तिला अडवलं नाही.

पुढे चौकशी झाली. ब्लॅक बॉक्स सापडला, आणि काय घडलं ते कळलं.

डावं इंजिन पेटलं होतं. कॅप्टनने चुकून चांगलं चालणारं उजवं बंद केलं. मागे बसलेल्या नित्याला खिडकीतून ज्वाळा दिसत होत्या. तेच सांगायला ती फोन लावत होती.

पाच वेळा.

"मागून बोलावताहेत," को-पायलट म्हणाला होता. कॅप्टन रेडिओवर गुंतला होता. त्याला वाटलं, प्रवासी घाबरले असतील.

"नंतर," तो म्हणाला.

एवढाच शब्द. रेकॉर्डिंगमध्ये आहे.

आमच्याकडे मात्र आवाज थांबला नव्हता. दर मंगळवारी तीन दहाला तो यायचा. एकदाच... टिंग-टोंग.

अम्मा धावत जाऊन भिंतीला कान लावायची.

"बोल गे नित्या. मी आइकते आहे."

पलीकडून काहीच नाही. अम्मा तशीच उभी राहायची, कधी तासभर. मी मंगळवारी अर्धी रजा घेऊ लागले. तिला एकटीला तिथे उभं राहू देणं मला जमेना.

ऑक्टोबरात कॅप्टनचा फोन आला. त्याला आमची माफी मागायला यायचं होतं.

मी म्हटलं, या. मंगळवारी या, दुपारी.

हो, मुद्दामच.

तो उत्तरेकडचा. पंचेचाळिशीचा असेल, पण साठीचा दिसत होता. दारातच त्याने हात जोडले. ताक दिलं, ते त्याने हातातच धरून ठेवलं.

"त्याला विचार," अम्मा म्हणाली, "फोन का नाहीं घेतला?"

मी इंग्रजीत विचारलं.

त्याने पेला दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "मला वाटलं, नंतर घेईन. नंतर वेळ असेल असं वाटलं."

मी अम्माला ते सांगत होते. रस्त्यावर फुलवाली "पूऽऽ, पूऽऽ" ओरडत चालली होती...

तिचं ओरडणं मधेच तुटलं.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना.

टिंग-टोंग.

कॅप्टनच्या हातातला पेला खाली पडला. त्याचाही आवाज झाला नाही.

त्याचा हात हळूहळू पुढे गेला... हवेतून त्याने काहीतरी उचललं... आणि कानाला लावलं.

"कॉकपिट. बोला."

तो ऐकत राहिला. अर्धा मिनिट असेल. त्याचे ओठ हलत होते, पाठ करत असल्यासारखे.

मग हात खाली आला. फुलवाली पुन्हा ऐकू येऊ लागली.

अम्माने त्याचा शर्ट धरला. "काय म्हटलीं माझी पोर? सांग!"

त्याने तिच्यापुढे हात जोडले. डोळे वाहत होते.

मी त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेले. तिथे तो थांबला.

"ती तुमच्या भाषेत बोलली," तो म्हणाला. "मला एकच शब्द कळला. अक्का. तमिळ लोकांबरोबर बरीच वर्षं उडलोय, म्हणून तेवढं ठाऊक आहे. मोठी बहीण. तुम्हीच ना?"

आणि त्याने एकेक अक्षर जपून उच्चारलं...

"अक्का... आम्ही सगळीं मागेंच आहोंत... दार उघडत नाहीं."

आमची मराठी. नित्याचा हेल. त्या परक्या माणसाच्या तोंडून.

"याचा अर्थ काय?" त्याने विचारलं.

रिक्षावाला आमच्याकडे बघत होता.

मी म्हणाले, "ती म्हणते, सगळं ठीक आहे. आता त्रास करून घेऊ नका."

तो रस्त्यातच खाली बसला आणि ढसाढसा रडला.

अम्मालाही मी तेच सांगितलं.

त्या दिवसानंतर आवाज आला नाही. अम्मा आता जेवते. मंगळवारी गोविंदपुरमला विठ्ठलाच्या भजनाला जाते. "पोर सुटली गे," असं शेजारणींना सांगते.

मी ऐकून घेते.

ती सुटलेली नाही. ते अकराहीजण सुटलेले नाहीत. हे ठाऊक असलेली मी एकटीच आहे, आणि तिने हाक मारली ती मलाच.

कुठलं दार? ते कुणी उघडायचं?

इकडून तिला फोन लावायची काही सोय नाही.