हलीमाबींचा निळा उजेड

"ओ ताई, या चपला धरा बरं जरा," असं म्हणून एका धिप्पाड तरुणानं आपल्या आईच्या चपला तुबाच्या हातात कोंबल्या. तुबानं त्या धरल्यासुद्धा. न धरून करते काय, तो आईला ऑटोतून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवत होता. मग सिस्टरनं त्याला हळूच सांगितलं, की अमरावतीच्या या दवाखान्यात कोणाला किती किरणं द्यायची याचं गणित मांडणाऱ्या तुबा मॅडम त्या याच. गड्याचं तोंड एवढंसं झालं.

"माफ करा मॅडम. मले वाटलं..."

"काय वाटलं?"

"काई नाई. चपला द्या इकडं."

झालं, तिथून जे सुरू झालं ते पाच आठवडे थांबलंच नाही. त्याचं नाव मोहसीन, तेल्हाऱ्यात त्याचं मोटारी दुरुस्तीचं दुकान. अम्मीसाठी त्याला कुलूप लावून तो अकोल्याला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहिला होता. रोज सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायचं आणि तिथून ऑटोनं अम्मीला, म्हणजे हलीमाबींना, दवाखान्यात घेऊन यायचं. त्यांच्या डोक्यातल्या गाठीवर आत किरणं चालू असली, की हा बाहेर तुबाजवळ उभा.

"आज चपला नाई धरत का?"

"आज माझी सुट्टी आहे चपलांची."

एवढंच बोलणं, पण तुबाला रविवार नकोसे वाटायला लागले. आता कशाला लपवायचं... मोहसीन तिला आवडला होता, अगदी मनापासून.

उपचारांच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी तो आला तो पांढराफटक पडून.

"अम्मीले मशीनखाली निळा उजेड दिसून राहिला म्हणते. डोळे मिटलेले असले तरी. पहिल्या आठवड्यापासून दिसते, अन् मले आज सांगते."

"घाबरू नका, बऱ्याच जणांना दिसतो."

"ते नाई हो. तिनं माह्या लग्नासाठी इस्तिखारा केला. नमाज पढून अल्लाहले इशारा मागितला. हा उजेडच तो इशारा, पोरगी पक्की, म्हणते."

तुबानं घाईघाईनं विचारलं, "कोणती पोरगी?"

"नाव सांगत नाई. खालानं हिवरखेडचं एक घर पाह्यलं होतं... तेच असन." तो फरशीकडे बघत राहिला.

आली का पंचाईत. खरं सांगावं तर त्यात आपलाच मतलब, आणि गप्प बसावं तर एका भाबड्या बाईची फसवणूक. तुबा तशीच उठली आणि हलीमाबींच्या खुर्चीसमोर जाऊन बसली. मोहसीन चपला हातात घेऊन मागे उभा.

"खाला, तो उजेड खराच आहे. पण तो डोळ्यातल्या पाण्यातून येतो. पाण्यात उजेडाची चाल मंदावते. किरणांच्या माऱ्यानं तिथं बारीक बारीक कण सुटतात, ते त्या मंद उजेडाच्याही पुढे पळतात. असं झालं, की निळा उजेड पडतो."

"मंग हे माह्यासारख्या दुसऱ्यायलेबी दिसते?"

"बऱ्याच जणांना."

"म्हंजे इशारा नाई?"

"नाही," तुबा म्हणाली.

हलीमाबींनी लांब उसासा सोडला. "बरं झालं सांगतलं, पोरी. मी तं तुह्यासाठीच विचारलं होतं."

मोहसीनच्या हातातल्या चपला फरशीवर पडल्या. आता तुबाचं बघा. एमएस्सीला पहिली आलेली ही हुशार मुलगी, आणि आपल्याच तोंडानं आपलंच स्थळ मोडून बसली होती.

"अन् हिवरखेड?" मोहसीननं कसंबसं विचारलं.

"ते तुह्या खालाचं खूळ. मले चपला धरणारी पह्यल्याच दिवशी पसंत पडली. पण आता इशाराच गेला, मी काय करू?"

मग मोहसीन वाकला, चपला उचलल्या आणि तुबासमोर येऊन उभा राहिला. कान लालबुंद झाले होते त्याचे.

"मॅडम... तुबा... उद्या शेवटचा दिवस. परवापासून मी बडनेऱ्याले कायच्यासाठी उतरू, ते तुमीच सांगा."

तुबानं हात पुढे केला आणि चपला त्याच्याकडून काढून घेतल्या.

"माझ्या अब्बूंना भेटायला," ती म्हणाली. "चारनंतर घरीच असतात ते."

हे आपण बोललो, याचा धक्का मोहसीनपेक्षा तिलाच जास्त बसला.