कुरकुरीची ऊब

रणधीर साळोखेनं दार उघडलं तशी आईनं अंगावरची शाल झटकन उशीखाली सारली आणि आपण मघापासून खिडकीबाहेरच बघत होतो असा चेहरा केला. शालीचा काठ उशीतून डोकावत होता. नाकाचा शेंडा लाल, नखं जांभळट, आणि मुद्रा मात्र महाबळेश्वरला हवापालटासाठी आलेल्या माणसासारखी प्रसन्न.

त्यानं विचारलं, थंडी वाजते का. प्रमिलाबाईंनी, म्हणजे आईनं, उलट त्यालाच विचारलं, बाळाची खोली बघून आलास का.

त्यानं खिडकीखालच्या, खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर हात ठेवला. लोखंड गारठलं होतं. त्याच्या टोकाला बसवलेली मुठीएवढी पांढरी झडप हिरवा दिवा लावून स्वस्थ बसली होती. कामात काही कसूर राहिलेली नाही, अशा समाधानात.

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात गॅस जळायचा बंद झाला त्याला आता काही हिवाळे लोटले होते. गावाबाहेरच्या केंद्रातून गरम पाणी नळांनी घरोघर येई आणि प्रत्येक घराला त्यातला ठरीव वाटा मिळे. पूर्वी रेडिएटरला नुसती फिरवायची मूठ असायची आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर एक थर्मोस्टॅट. तो एका जागेची हवा मोजून सगळ्या घराला हुकूम सोडायचा. त्याच्याजवळ कुणी चहाची किटली ठेवली, की मागच्या खोलीतली माणसं काकडायची. आता खोलीखोलीत 'जाणत्या झडपा' आल्या होत्या. ही झडप माणसाच्या कातडीची उष्णता लांबून ओळखायची, मूठ कोणी कुठल्या बाजूला फिरवली ते लक्षात ठेवायची, आणि ज्याच्या त्याच्या भाषेत विचारायचीसुद्धा. मग सगळ्या झडपा आपसात बोलून घरचा वाटा खोल्यांमध्ये वाटून द्यायच्या.

साळोख्यांच्या घरातली वाटणी कुणालाही पटण्यासारखी होती. सगळ्यात जास्त ऊब पाच महिन्यांच्या रेवाला, कारण रडण्याइतकी निर्भेळ तक्रार झडपांना दुसरी ठाऊक नव्हती. त्याखालोखाल रणधीर. त्याला उठल्यापासून कशाचा ना कशाचा त्रास होत असे आणि तो तसं बोलून दाखवत असे. मग त्याची बायको केतकी. ती एकदाच सांगायची, पण रोखठोक. सगळ्यात शेवटी प्रमिलाबाई. नातीला सांभाळायला म्हणून कोल्हापूरहून आल्या होत्या, आणि आल्या दिवसापासून आपल्याला काही लागतं हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

हे कौतुकाचं होतं ते न्यूमोनिया होईपर्यंत. नंतर डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मनगटाला तापमान मोजणारी पट्टी चिकटवली, तिचा आकडा रणधीरच्या फोनवर दिसेल अशी सोय केली आणि स्पष्ट सांगितलं की ह्या वयात अंग पुन्हा इतकं गार पडलं, तर त्यांना शहराच्या ऊबगृहात न्यावं लागेल, वसंत येईपर्यंत. दर शुक्रवारी येऊन बघते आणि ठरवते, म्हणाल्या. ऊबगृह चांगलं होतं. मोठी उबदार दालनं, दोन वेळा सूप, प्रेमळ परिचारिका. फक्त तिथं मराठी कळणारं कुणी नव्हतं, आणि प्रमिलाबाई बोलल्याशिवाय जगणाऱ्यांतल्या नव्हत्या. रणधीरचे वडील गेल्यावर त्या शेजारच्या बंद घराच्या मांजराशीही दिवसभर बोलायच्या.

"नेतील तर नेऊ देत की," त्या म्हणाल्या. "तेवढीच बाळाला ऊब."

रणधीर हात टेकायला आला होता. त्यानं झडपेची मूठ वाढवली, की त्याची पाठ वळताच आई ती उतरवी. त्यानं मुठीवर चिकटपट्टी लावली. आईनं ती अलगद सोडवली आणि पुन्हा उपयोगी पडेल म्हणून कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवली. मग तो लॅपटॉप घेऊन तिच्याच खोलीत कामाला बसला. झडपेनं त्याला ओळखलं, नळात पाणी खळखळलं, खोली तापू लागली.

आई म्हणाली, "ऊठ. तू इथं बसलास, तिकडं पोरीची खोली गार पडली असंल."

"आई, तुझ्यासाठी बसलोय."

"मी काय आजारी आहे काय? ऊठ म्हणतो ना." कोल्हापूरच्या पुष्कळ बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'आलो', 'गेलो', 'म्हणतो' असंच बोलायच्या, आणि ते बोलणं ऐकलं की वाद संपे.

शेवटी त्यानं झडपेलाच आईसमक्ष सांगितलं की हिला थंडी वाजते.

झडपेचा आवाज बाईचा होता, स्वच्छ आणि अदबशीर. प्रमिलाबाईंच्या मते ती पुण्याची असावी. झडप म्हणाली, "नोंद घेतली. त्यांनाच विचारते. प्रमिलाबाई, खोली गरम करू का?"

"नको गं बाई. राहू दे."

"बरं," झडप म्हणाली.

रणधीरला त्या 'बरं'चा राग आला. आई ज्या घरात वाढली तिथं पहिल्या 'नको'ला कुणी उत्तर समजत नसे. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरायचा, वाढणाऱ्यानं बोटांच्या फटीतून तांबडा रस्सा सोडायचा, मग पाहुण्यानं पुरे पुरे म्हणत भाकरी कुस्करायची. ज्याच्या पहिल्या 'नको'वर वाढणारा परत फिरला, तो पाहुणा उपाशी उठायचा. आणि इथं ह्या यंत्रानं एकदा विचारलं, ऐकलं आणि विश्वास ठेवला.

त्यानं झडपा बसवणाऱ्या कंपनीच्या बाईंना बोलावलं. फ्राउ लिंडनर आल्या, कोट न काढताच सगळं तपासलं आणि झडप निर्दोष असल्याचं सांगितलं. अंगाची उष्णता एक म्हणत असेल आणि माणसाचा हात व तोंड दुसरं म्हणत असतील, तर झडपेनं हातातोंडाचं ऐकायचं, असा नियम होता. आधीच्या झडपा अंगाचं ऐकायच्या. तेव्हा आमच्या घरात आमचंच चालत नाही म्हणून लोक कोर्टात गेले होते.

"मग तिला तीनतीनदा विचारायला लावा," रणधीर म्हणाला.

तेही करून झालं होतं म्हणे. पुन्हापुन्हा विचारणं हा छळ आहे, असा निकाल लागला होता. आग्रहाला या देशात बंदी होती.

"तिच्या वतीनं मी सांगतो."

"दुसऱ्याच्या वतीनं थंडी वाजून घेता येत नाही, साळोखेसाहेब. तुमच्या आईंना बोलायला त्रास होतो का?"

"दिवसभर बोलते."

"मग सांगू देत की."

रणधीरनं कपाळावर हात मारला. इतका वेळ रेवाला खांद्यावर घेऊन उभी असलेली केतकी तेव्हा बोलली. ती सोलापूरची. साळोख्यांच्या घरात सरळ मागायची पद्धत नाही हे तिला लग्नाच्या पंगतीतच कळलं होतं.

"आई तुझ्यासमोर मेल्या तरी म्हणणार नाहीत," ती म्हणाली. "तू उठसूट विचारतोस, आणि नाही म्हणाल्या की लगेच चिडतोस. त्यांनी म्हणायचं कधी?"

मग तिनं फ्राउ लिंडनरना विचारलं की थंडीचं नावही न काढता झडपेला काही विचारता येतं का. येत होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक 'गप्पांची रीत' होती. खोलीत दुसरं कुणी नसलं की झडप नुसतं बोलतं करायची आणि ऐकायची. बनवणाऱ्यांनी हजारो घरांतली बोलणी तपासली तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं होतं की काकडलेली म्हातारी माणसं थंडीबद्दल बोलतच नाहीत, बाकी सगळ्याबद्दल बोलतात. म्हणून ह्या रीतीत कुठलीही कुरकुर झाली तरी ती थंडी समजायची.

रणधीर म्हणाला की मग संपलंच. आईनं जन्मात कुरकुर केलेली नाही.

केतकी प्रमिलाबाईंची गप्पांसाठी संमती घ्यायला गेली. त्यांनी लगेच दिली. पुण्याची असली म्हणून काय झालं, बोलायला कुणी असलं म्हणजे झालं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आठवडा कोरडा गेला. प्रमिलाबाई झडपेला आमटीत काय घातलं ते सांगत, रेवाच्या दातांची बातमी देत, रंकाळ्याच्या काठच्या भेळेचं वर्णन करत. सगळं गोडच. कुरकुरीचा खडासुद्धा नाही. पट्टीवरचा आकडा रोज थोडा खाली सरकत होता. शुक्रवारी सकाळी तो डॉक्टरीणबाईंनी आखलेल्या रेषेला टेकला, आणि रणधीरनं आईच्या देखत, पण तिला न विचारता, ऊबगृहासाठी तिचे गरम कपडे वेगळे काढायला केतकीला सांगितलं. दुपारी मात्र ऑफिसमध्ये त्यानं फोन बघितला तर आकडा वर चढत होता. पट्टी बिघडली असणार असं धरून तो तसाच घरी आला.

आपल्या खोलीचा रेडिएटर त्यानं चाचपून पाहिला. गार. खोल्यांमधल्या बोळातला गार. केतकी रेवाला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरून बसली होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि आईच्या खोलीकडे मान वळवली. रणधीरनं दाराला तळवा लावला. लाकूड कोमट लागत होतं. आतून आवाज येत होता.

"...बंबातलं पाणी पहिलं सासऱ्यांना. मग दिरांना, मग पोरांना. माझ्यापर्यंत येईस्तोवर पार निवलेलं. नवी नवरी मी, काय बोलणार? म्हणलो, मला गार पाणीच सोसतं. तर सगळ्यांनी खरं धरलं की."

"मग?" झडपेनं विचारलं.

"मग काय. जन्मभर गार पाणी. नवऱ्यानं नाही विचारलं, जाऊ दे, ती माणसं तसलीच. पण हा रणधीर. एवढा शिकला. दोन बादल्या घ्यायचा, वर तांब्याभर जास्त. एकदा म्हणून विचारलं नाही, आई, तुला राहिलं का?"

नळात पाणी खळखळलं.

रणधीरचा हात कडीवर गेला. बंब त्याला आठवत होता. त्याची पितळी तोटी आठवत होती, धुरानं डोळे चुरचुरायचे तेही. आपल्यानंतर कुणी आंघोळ करायचं राहिलेलं असे, हे मात्र काही केल्या आठवेना. आत जावं, काहीतरी म्हणावं असं त्याला फार वाटलं. पण तो आत गेला असता तर आई हसली असती, चहा घेतोस का म्हणाली असती, आणि खोली पुन्हा गार पडली असती.

"मग?" आतून झडप म्हणाली.

"मग ऐक तर..."

त्यानं कडी सोडली. कोट तसाच अंगावर ठेवून तो बोळात भिंतीला टेकून बसला. फोनवरचा आकडा रेषेच्या बराच वर गेला होता. संध्याकाळी डॉक्टरीणबाई येणार होत्या. त्या आता कुणाला नेणार नव्हत्या, निदान ह्या आठवड्यात तरी नाही. केतकीनं एक पांघरूण आणून त्याच्या पायांवर टाकलं आणि ती आपल्या खोलीत गेली.

आई आता त्याच्या बारावीच्या वर्षावर आली होती. बाहेर बर्फ पडत होता, वसंत अजून लांब होता. आईची गाऱ्हाणी तोवर पुरतील का? आणि पुरलीच, तर त्यातली किती आपल्या नावावर निघतील?