शीतगृहातला सलाम

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर शेवट माझ्या सोयीचा केला असता.

नोव्हेंबरातली दुपार होती. बोस्नियात, द्रिना नदीजवळ, आमच्या गावाबाहेरचं शीतगृह. युद्धातल्या सामूहिक कबरी खणून काढलेली हाडं आम्ही तिथे ठेवतो. मारेकऱ्यांनी पुरावा लपवायला त्या कबरी यंत्रांनी उपसून प्रेतं दुसरीकडे नेली होती. त्यामुळे एकच माणूस दोन-तीन खड्ड्यांत सापडतो.

माझा भाऊ नेजाद अजून एकाही खड्ड्यात सापडलेला नाही.

त्या दिवशी खटल्यातल्या आरोपींच्या बाजूचे तज्ज्ञ आले, प्राध्यापक रातोमिर. बूट चकचकीत. खड्ड्याची ओळख नसलेले. त्यांच्या मते हे सगळे लढाईत मेलेले सैनिक, आणि हाडांच्या मनगटांभोवती सापडलेली तार कुंपणाची, यंत्राने माती ढकलताना अडकलेली.

"कुंपण स्वतःच गाठी मारतं वाटतं तुमच्याकडे?" मी म्हटलं.

ते नुसते हसले.

कबरस्तानात शिरताना आम्ही मृतांना सलाम करतो. ते उत्तर देतात, फक्त जिवंतांना ऐकू येत नाही, असं आमच्याकडे मानतात. शीतगृहाच्या दारातही मी सलाम केला. प्राध्यापकांना गंमत वाटली. छातीवर हात ठेवून त्यांनी माझी नक्कल केली. चांगल्या खणखणीत आवाजात सलाम म्हणाले.

मागे दार लागलं.

आतलं हँडल नुसतंच फिरत राहिलं. पहारेकरी फेहिमकाका लांब फाटकापाशी. हाका पोचेनात. मोबाईलला रेंज नाही.

मग गार हवेचं यंत्र थांबलं...

"आत किती लोक कामाला आहेत?" प्राध्यापकांनी विचारलं.

"आपण दोघंच."

"मग हे उत्तर कोण देतंय?"

मी कान दिला. काहीच नाही... माझा स्वतःचा श्वास, बस्स.

ते दाराला पाठ लावून खाली बसले. कान दाबले. हात काढले. पुन्हा दाबले.

बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "ही नकटी कोण?"

मला नकटी म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"कुठून येतोय आवाज?" मी त्यांची बाही धरली. "कुठलं फडताळ? नुसतं बोट दाखवा."

त्यांचा हात उचलला गेला...

आणि दार उघडलं.

"काय प्राध्यापक, जेवूनच जा म्हणाले की काय आतले?" फेहिमकाका हसले. प्राध्यापक मागे न बघता गाडीत बसले.

त्यांच्या अहवालात लिहिलं होतं, कुणाचेही हात बांधलेले नव्हते.

त्या फडताळांत हजारो तुकडे आहेत. एकेक तपासून घ्यायला माझा जन्म पुरायचा नाही. म्हणून कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये मी त्यांना गाठलं. अहवाल राहू द्या म्हटलं, तेवढं फडताळ सांगा. अक्षरशः हात जोडले.

"मी काहीही ऐकलेलं नाही," ते म्हणाले.

पण ते ओरडून बोलत होते. भर बाजारात समोरच्याला ऐकू जावं म्हणून माणूस ओरडतो, तसे.

त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच होतो...