पलीकडचं टोक

थंडीच्या दिवसांत लाकूड कापायची आरामशीन सुरू करण्याआधी शेकोटी पेटवावी लागते. मशीनला तिची गरज नसते, हातांना असते. गारठलेल्या बोटांना लाकूड कुठं संपलं आणि पातं कुठं सुरू झालं ते कळत नाही.

जागेश्वरची आरामशीन साकोलीहून लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, गावाच्या थोडी अलीकडे होती. चार खांब, वर पत्रे, भिंत एकाही बाजूला नाही. मागच्या अंगाला शेताच्या पाण्याची बोडी, लहानसं तळं. पौषात त्या पाण्यावरून धुकं उठायचं आणि सरळ येऊन पत्र्याखाली बसायचं. धान निघालेल्या बांध्यांतलं लाखोळीचं पीक हिरवं दिसू लागायला ऊन चांगलं वर यावं लागे.

काम दोघांचं. रुळांवरच्या ट्रॉलीवर ओंडका ठेवला की अलीकडून जागेश्वर ढकलायचा आणि पलीकडून त्याचा बाप, बकाराम, फळीचं टोक धरून ओढून घ्यायचा. मधे पातं. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बापलेकांचा सगळा व्यवहार हातांनी चाले. दोन बोटं फाकवली म्हणजे फळी जाड पाहिजे. तळहात उभा धरला म्हणजे थांब. मूठ हलवली म्हणजे, गधड्या, पाहून कर. जागेश्वरच्या मिशीत पांढरे केस आले होते, तरी दिवसातून एकदा तरी ती मूठ हलत असे.

बकारामला शिकवायची हौस होती. नात रुपा लहान असताना तो तिच्या तळहातावर भुसा ठेवायचा आणि डोळे मिटून वास घ्यायला सांगायचा. साग, बीजा, ऐन. चुकली तर हसायचा नाही. पुन्हा चिमूट उचलून द्यायचा.

त्या रुपाचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा प्रविण. त्याचे वडील कैलाशजी जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला, क्वार्टरमध्ये राहणारे. साक्षगंधाचा दिवस ठरवायला ते दुपारी यायचे होते. पण साकोलीला नातेवाइकाकडे मुक्काम झाला आणि ते सकाळीच निघाले. धुक्यात शेकोटीचा जाळ दिसला म्हणून त्यांनी गाडी थांबवली.

बकाराम जाळाशी बसला होता. डोक्यावर बारदाना. अंगात रुपाचा शाळेतला निळा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत आलेल्या, छातीवर शाळेचं चिन्ह. गालात तंबाखूचा खर्रा. पात्याच्या आवाजानं त्याचे कान गेले होते, म्हणून तो नेहमी ओरडूनच बोलायचा.

"गाडीवाले रस्ता चुकले का रे जागू? बसव त्यांले जाळाशी, गारठून मरतीन!"

एवढं बोलून त्यानं पिचकारी टाकली. ती कैलाशजींच्या बुटाजवळ पडली.

कैलाशजी एक पाऊल मागं सरले. "हे कोण?"

'माझे वडील' हे शब्द जागेश्वरच्या तोंडात तयार होते. पण त्याची नजर त्या बुटावर होती. मग ती स्वेटरवरच्या चिन्हावर गेली.

"हा? हा बकाराम. कामावरचा जुना माणूस आहे."

"असं का. आणि तुमचे वडील?"

"ते गेले. बरीच वर्षं झाली."

बोलताना त्याचा हात हलला, बाहीवरचा भुसा झटकावा तसा. बकारामला शब्द ऐकू आले नसतील. त्यानं तो हात पाहिला. बराच वेळ पाहिला.

मग त्यानं पाय जाळापासून मागं घेतले. उठला. डोक्यावरचा बारदाना काढून खांबाला अडकवला, माठातून पाण्याचा ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

"घ्या, साहेब."

आयुष्यात त्यानं कोणाला साहेब म्हटलं नव्हतं.

पाहुण्यांना घरी पोचवून जागेश्वर परत आला आणि शेकोटीवर हात धरून उभा राहिला. जाळ चांगला होता. हात गरम झाले नाहीत.

संध्याकाळी बाप घरी आला नाही, तेव्हा तो त्याला न्यायला गेला. बकारामनं भुशाच्या ढिगात बारदाना अंथरला होता. जागेश्वर त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलला.

"बा, चाल घरी. चुकली माझी जीभ. पाहुण्यांपुढं काय बोलून गेलो, मलेच समजलं नाही."

"इथंच बरं हाये, मालक. भुशात ऊब राहते."

"मालक म्हणू नको. शिव्या दे पाहिजे तर."

बकारामनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काळजी होती, पण ती आजारी धन्याची करावी तशी.

"तुमाले थंडी भरली दिसते, मालक. घरी जा."

आपल्याला हे मिळायलाच हवं होतं, असं जागेश्वरला वाटलं. बाप दोन दिवस टोमणे मारील आणि तिसऱ्या दिवशी मूठ हलवील.

दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम चूक केली. बीजाचा चांगला ओंडका पात्याला तिरपा लावला आणि पलीकडं पाहत राहिला. फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला कागदासारखी निघाली. बकारामनं खाली नजर ठेवून ती ओढून घेतली आणि बाकीच्या फळ्यांवर नीट ठेवली.

जागेश्वरनं मशीन बंद केली आणि ओरडला. "वाकडी गेली."

"तुमचं लाकूड हाये, मालक."

दुपारी त्याची बायको ललिता डबा घेऊन आली. सोबत जर्मनची एक जुनी थाळी होती, फडक्यानं झाकलेली.

"बकाराम, हे घे," तिनं हाक मारली. "भाजी सांडू नको."

जागेश्वरच्या हातातली भाकर तशीच राहिली. लग्न होऊन आल्यापासून ललितानं सासऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. त्याच नावाचा एक बैलवाला गावात होता, त्यालाही ती 'तो वरच्या टोलीचा' म्हणायची.

"सासऱ्याले नावानं हाक मारून राहिली?" तो हळूच म्हणाला. "तूही त्याच्या बाजूनं झाली का? झालं ना आता. मी माफी मागतो म्हणतो."

"काय बोलता?" ललिता खरोखरच दचकली. "मामाजींचं नाव मी घेतलं का कधी? मी बकारामले बोलवून राहिली."

तो उठला आणि जेवण टाकून घराकडे निघाला.

समोरच्या खोलीत, जिथं कॅलेंडर असायचं तिथं, एक फोटो होता. खुर्चीत ताठ बसलेला म्हातारा. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत. लाकडाच्या सालींचा हार, त्यावर धूळ. जागेश्वरनं फोटो उचलून पाहिला. खिळ्याभोवतीचा चुना गंजानं तांबूस झाला होता, बरीच वर्षं खिळा तिथंच असावा तसा.

हा माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता. पण पाहुण्यांपुढं बसवावा असा होता.

"काय पाहता बाबा?" रुपा दारात उभी होती. "आज्याचा फोटो पहिल्यांदा पाहून राहिले का?"

"रुपा, भुशाचा वास घ्यायले तुले कोणी शिकवलं?"

तिनं फोटोकडं बोट केलं. "आज्यानं. साग, बीजा, ऐन." आणि सवयीनं तिनं डोळे मिटून तळहात नाकाशी नेला.

आरामशीनच्या समोर, रस्त्यापलीकडं चंद्रभागाबाईचं चहाचं दुकान होतं. पूर्वी ती गावातली सुईण होती. जागेश्वर तिच्या चुलीपुढं जाऊन उभा राहिला. चूल पेटलेली होती, तरी त्याचे दात वाजत होते.

"बाई, मले ओळखतेस ना?"

"तुझी नाळ कापली मी. ओळखतेस म्हणे!"

"मग माझा बाप कोण?"

"हे विचारायले आई पाहिजे होती बापा, सुईणीले काय माहीत!" ती खदखदून हसली. त्याचा चेहरा पाहून थांबली. "काय झालं रे? देवमाणूस होता तुझा बाप. टोपी कशी राहे त्याची, पांढरीफटक."

"आणि बकाराम?"

"बकाराम? तो बिचारा आला पोटासाठी कुठून तरी."

"कुठून?"

चंद्रभागाबाईची पळी भांड्यात थांबली. चहा उकळून वर आला, चुलीत सांडला, तरी ती तशीच होती.

"ते नाही आठवत," ती म्हणाली. "जा तू आता."

जागेश्वर देवऋषी मानणारा माणूस नव्हता. त्यानं विचार केला तो लाकडासारखा. गाठ जिथं पडली तिथंच ती फोडावी लागते. खोटं ज्यांच्यापुढं बोललो त्यांच्यापुढंच खरं बोलायचं. सगळ्यांसमोर. मग लग्न मोडलं तरी चालेल. हा विचार आला तेव्हा त्याला रुपाची लाज वाटली. आणि हा विचार त्या सकाळीच का आला नाही, याची त्याहून जास्त.

साक्षगंध अंगणात होतं. मांडवात दोन्हीकडची माणसं बसली होती. बकाराम तोच निळा स्वेटर घालून पाण्याच्या बादल्या आणत होता. प्रविणला टिळा लावण्याआधी जागेश्वर उभा राहिला.

"थांबा. मले काही सांगायचं आहे." "मी तुमच्याशी खोटं बोललो. हा मजूर नाही. हा माझा बाप आहे. यानं मले जन्म दिला, यानं मले काम शिकवलं. तुमच्यापुढं मले याच्या फाटक्या कपड्यांची लाज वाटली. म्हणून जिवंत बाप मी मेला म्हणून सांगितला."

ललितानं पदर तोंडाशी नेला.

कैलाशजी उठले. त्यांचे डोळे भरले होते.

"पाहा," ते प्रविणला म्हणाले. "याले म्हणतात माणुसकी. कामावरच्या माणसाले चारचौघांत बाप म्हणायले छाती लागते. अशा घरची मुलगी आपल्या घरी येऊन राहिली, आपलं नशीब."

टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी वाजवल्या. रुपानंसुद्धा.

"नाही," जागेश्वर म्हणाला. "तसं नाही. हा खरंच—"

"समजलं हो, समजलं," कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कोणीतरी बकारामला पुढं ढकललं. त्याच्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. तो नारळ कुठं ठेवावा ते त्याला कळेना. तो जागेश्वरजवळ आला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"असं बोलू नका मालक. मले लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं एवढं होतं की आरामशीनच्या चार खांबांतले दोनच दिसत होते. बकारामनं शेकोटी पेटवून ठेवली होती. नवा दुपट्टा घडी करून खांबाला अडकवलेला, अंगात निळा स्वेटर.

जागेश्वर त्याच्याशेजारी बसला. त्यानं अंगावर दोन स्वेटर आणि वर घोंगडी घेतली होती. तरी तो थरथरत होता. जाळाजवळ हात नेला तर चटका बसायचा, ऊब मिळायची नाही.

चंद्रभागाबाईनं चहाचे दोन ग्लास पाठवले. जागेश्वरनं आपला दोन्ही हातांत धरला. ग्लासातून वाफ निघत होती, हाताला काचेशिवाय काही लागत नव्हतं. त्यानं तो ओठाला लावला नाही. गेले कित्येक दिवस चहाला चव नव्हती.

"बकाराम," तो कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाला. त्या नावाची त्याला आता सवय होऊ लागली होती, हे त्याच्या लक्षात आलं. "तुले लेकरं किती?"

म्हाताऱ्यानं जाळात लाकडाची एक ढलपी सरकवली.

"एक होता, मालक."

"होता?"

"गेला. थंडीचे दिवस होते."

"कधी गेला?"

"पाहुणे आले होते ना," बकाराम म्हणाला. "त्या दिवशी."

बोडीवर एक पाणकोंबडी ओरडली आणि गप्प झाली.

"कसा होता?"

"फळी वाकडी कापे." म्हाताऱ्याच्या ओठांवर हसू आलं. त्यानं मूठ वर केली, हलवली नाही, तशीच परत गुडघ्यावर ठेवली. "चांगला होता."

मग त्यानं स्वतःचा ग्लास उचलला. पण प्यायच्या आधी तो थोडा वाकला आणि पहिला घोट बाजूच्या भुशावर, जागेश्वर रोज बसायचा त्या ठोकळ्याच्या पायाशी, हलकेच ओतला.

"हे कोणाले?"

"त्याले. थंडीत त्याले लवकर चहा लागे."

भुसा काळा झाला. त्यातून थोडी वाफ निघाली.

जागेश्वरच्या हातातला ग्लास तसाच भरलेला होता. आणि त्याच्या घशातून आल्याच्या चहाचा गोड, गरम घोट हळूहळू खाली उतरत गेला.